डबल दांडीची सायकल

परवा साताऱ्यात गोडोलीच्या चौकात भाजी घेत होते. शेजारी एक ट्रक येऊन थांबला. ताडपत्री एका बाजूनं सुटली होती आणि आतल्या पोत्यांच्या शिवणीतून पिवळी पूड झिरपत होती. भाजीवाली म्हणाली, "सांगलीकडचा दिसतोय. हळद हाय." तिनं सांगायच्या आधीच माझ्या नाकानं ओळखलं होतं. नुकत्या वाळलेल्या हळदीचा वास डब्यातल्या हळदीसारखा नसतो. त्यात माती असते, ऊन असतं, थोडा धूर असतो. मेथीची जुडी हातात धरून मी तशीच उभी राहिले. हळदीचा हंगाम आला, आणि मला सायकल आठवली.

खरं तर साताऱ्याला हळदीशी काय देणंघेणं? आमच्याकडं ऋतू कळतात ते पठारावरच्या फुलांवरून, नाहीतर रस्त्याकडेच्या स्ट्रॉबेरीच्या पाट्यांवरून. मी मूळची वाईची. लग्न होऊन साताऱ्यात आले आणि शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेला. ‘सांगली हळदीची मोठी बाजारपेठ आहे’ हे वाक्य मी किती पोरांकडून घोकून घेतलं असेल! पण शिजणारी हळद डोळ्यांनी पाहिली ती नोकरी संपल्यावर, आणि तीही एका सायकलच्या पायी.

सायकलींचं वेड आमच्या ह्यांचं. हे सैन्यात होते, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. सुभेदार होऊन परतले आणि सुरुवातीला घरातच ड्यूटीवर असल्यासारखे फिरायचे. मग कुठूनतरी भंगारातली एक जुनी सायकल उचलून आणली, ती उभी केली, आणि तेव्हापासून मागच्या पत्र्याच्या शेडला ‘वर्कशॉप’ म्हणायची पद्धत पडली. एकाकडून दुसऱ्याकडं बातमी जात राहिली. लोक आजोबांच्या, पणजोबांच्या सायकली घेऊन येऊ लागले.

तसाच एका वर्षी अजित आला. सांगलीच्या पलीकडं, कृष्णाकाठच्या एका गावातला. जैन शेतकऱ्याचं घर, हळदीची शेती आणि हळदीचाच व्यापार. तिशीतला, हसतमुख, बोलायला मोकळा. टेम्पोतून त्यानं सायकल उतरवली तेव्हा पहिल्यांदा आम्हाला दिसली ती हळद. सायकल अशी दिसलीच नाही. पोत्यांच्या थप्पीमागं इतकी वर्षं पडून होती की आरे, साखळी, सीटच्या स्प्रिंगा, सगळ्यांवर पिवळा थर घट्ट बसला होता.

"आमच्या आज्जांची सायकल हाय, काकी," अजित म्हणाला. "आज्जांनी हिच्यावर नमुन्याच्या पिशव्या लावून सांगलीच्या बाजारात हळद विकली. तिथनं आमचं घर वर आलं. आता नवा बंगला बांधलाय. दारातनं आत आलं की समोर काचंत उभी करायची. पितळी पाटीबी करून ठेवलीया त्यांच्या नावाची."

ह्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "डबल दांडी. ओझ्याची सायकल. दूधवाले, पोस्टवाले वापरायचे. मजबूत काम हाय."

तशीच दिसत होती ती. वर एक आडवी दांडी आणि तिच्याखाली दुसरी, तिरकी. व्यापाऱ्याला शोभेल अशी दणकट. अजित खूश होऊन गेला.

कंपनीचं बिल्ल्यावरचं नाव झिजून गेलं होतं, म्हणून सायकल ओळखण्याचं काम आधी होतं. त्या दिवसांत मी पहिल्यांदा ह्यांच्या शेडमध्ये रमले. जुनी सायकल ओळखायची म्हणजे माणूस ओळखण्यासारखं. चेहरा गेला तर चाल बघायची. दात्यांच्या चक्रातली कोरीव नक्षी, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खांद्याचा बाक, सीटखाली ठोकलेला आकडा. हे भिंग लावून बघायचे, मी मोबाईलवर चित्रं शोधायची. इंग्लंडमधल्या, केव्हाच बंद पडलेल्या एका कारखान्याची ती निघाली. स्वातंत्र्याच्या आधीची, हे नक्की.

मग रंग. वरचा हिरवा, दारं-खिडक्यांचा. त्याखाली निळा. त्याखाली शेंदरी. हे औषध लावून खरवडायचे आणि मी पॉलिश पेपर घासायची. एका दुपारी शेंदरी थराखालून काळा रंग वर आला. खोल, विहिरीच्या पाण्यासारखा काळा. त्या काळ्यावर केसाएवढी सोनेरी रेघ होती. छापलेली नव्हती, हातानं ओढलेली. एका जागी ती किंचित थरथरली होती. कुण्या परक्या देशात, कुण्या माणसानं श्वास रोखून ही रेघ ओढली असेल आणि तिथं त्याचा श्वास सुटला असेल. मी किती तरी वेळ त्या थरथरीवर बोट ठेवून बसले. आपण उगीच म्हणतो की वस्तू मुक्या असतात.

ती सोनेरी रेघ खालच्या तिरक्या नळीवर होती. सीटखालच्या नळीवरही होती. वरच्या दांडीवर मात्र नव्हती. तिथं शेंदरीखाली थेट लोखंड.

"आगं, हिकडं ये," ह्यांनी हाक मारली. आवाज बदलला होता. खालच्या नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथं कारखान्याचे सुबक सांधे होते, मनगटात बांगडी बसावी तसे. वरच्या दांडीला सांधाच नव्हता. ती नुसती आणून टेकवली होती आणि पितळ वितळवून चिकटवली होती. जोड पिवळा, ओबडधोबड, पण पक्का.

"ही दांडी मागनं घातलीया," हे म्हणाले. "मी चुकलो. ही ओझ्याची सायकल न्हवं."

मला अजून काही समजलं नव्हतं. हे मागच्या चाकाचं मडगार्ड साफ करायला बसले. त्याच्या दोन्ही कडांना ओळीनं बारीक फुगवटे होते. आच दिली तसं त्यांतून शिसं वितळून थेंबाथेंबानं खाली पडलं. कुणीतरी मुद्दाम बुजवलेली भोकं होती ती. मी मडगार्ड उचलून दारात नेलं. माघातलं तिरपं ऊन होतं. त्या भोकांतून ऊन आलं आणि माझ्या साडीच्या निऱ्यांवर उजेडाचे ठिपके दोन ओळींत पडले. मी हलले की तेही हलत.

ते ठिपके साडीवर पडले म्हणूनच असेल, मला एकदम सुचलं. "अहो, ह्या भोकांतून दोरे ओवायचे असणार. वरून खाली, चाकाच्या मधोमध. मोटरसायकलला साडीगार्ड असतं ना, तसं. तिकडं बायकांच्या झग्यासाठी केलेलं."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. वरची दांडी मनातल्या मनात काढून टाकली. खाली उरली ती उतरती, मोकळी, पाय सहज पलीकडं टाकता यावा अशी बाईची सायकल.

अजितला फोन केला. आधी तो हसला. मग म्हणाला, "काकी, गावात सगळ्यांना ठावं हाय ही आज्जांची सायकल. पै-पाहुणे येणार. लोक म्हणतील, आज्जा लेडीज सायकलवर फिरायचे. ती भोकं परत बुजवता येतील न्हवं?"

फोन स्पीकरवर होता. हे जवळ आले. "बुजवता येतील. दोन मिनिटांचं काम हाय. पण तुमच्या घरात त्या काळातलं कोण हाय का?"

"आज्जी हाय. सगळी आक्का म्हणत्यात. नव्वदीची झाली. पण ती काय सांगणार?"

"मग आधी त्यांना इचारू. मग बुजवू," हे म्हणाले.

अशी आमची पहिली सांगलीवारी झाली, मडगार्ड जुन्या चादरीत गुंडाळून. कराड सोडलं तसा उसाचा हिरवा पट्टा सुरू झाला, आणि अजितच्या गावाशी पोचलो तेव्हा हंगाम ऐन भरात होता. शेताच्या कडेला वाफेच्या पिंपांमध्ये हळद शिजत होती. झाकण उघडलं की पांढरा ढग उठायचा आणि माणसं त्यात नाहीशी व्हायची. ढग विरला की पुन्हा प्रकट व्हायची, पिवळ्या हातांची, पिवळ्या पावलांची. खळ्यावर हळकुंडं पसरली होती, नजर जाईल तिथपर्यंत. पलीकडं लोखंडी ढोल गरगरत होता. त्यात पडून हळकुंडं गुळगुळीत होत होती. इतके दिवस ही गोष्ट मी एका ओळीत शिकवली होती.

आक्का नव्या बंगल्याच्या ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ, डोळ्याला जाड चष्मा. अजितनं ओळख करून दिली. ह्यांनी चादर सोडून मडगार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी ते पाहिलं नाही. बोटांनी चाचपलं. बोटं कडेवरून गेली, एका भोकापाशी थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"उघडली व्हय?" त्या म्हणाल्या. बस्स, एवढंच.

त्या भागातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल ‘मी गेलो, मी आलो’ असंच बोलतात. आक्का तशाच बोलल्या. "मी मिरजेची. आमच्या गल्लीपल्याड एक गोरी नर्सबाई ऱ्हायाची. ती तिच्या देशाला जायला निघाली, तवा आमच्या दादांनी तिची सायकल घेतली. माझी शाळा लांब हुती. मी हिच्यावरनं शाळेला गेलो. मिरजंत त्या टायमाला पोरगी सायकलवर म्हंजी लोक दुकानाबाहीर येऊन बघायची. लगीन झालं, तवा भांड्याकुंड्याबरुबर सायकलबी आली."

"आन मग?" अजित जमिनीवर बसला होता.

"मामंजी म्हणालं, बाईमाणसानं चाकावर बसायचं न्हाई. इकून टाका. तुझा आज्जा काय बोलला न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी सायकल घेऊन सांगलीला गेला, ती सांजंला आला. बघतो तर वर दांडी. भोकं बुजवल्याली. शेंदरी रंग दिल्याला. मामंजींच्या म्होरं उभी केली आन म्हणाला, आता ही गड्याची सायकल हाय. मी वापरणार. मामंजी काय बोलणार? गप बसलं."

आक्का थांबल्या. मडगार्डावरचा हात थांबला नाही.

"मला वाटलं, माझी वाट बंद केली ह्या माणसानं. लय रडलो. लय दिस त्याच्यासंगं बोललो न्हाई. वाढायचो, पर बोलायचो न्हाई. मग हळद शिजायचे दिस आले. सगळी गडीमाणसं काहिलीवर. एका सकाळी मी भाकरी घेऊन मळ्यात गेलो, तर हा सायकल धरून वाटंत उभा. म्हणला, कासोटा घट्ट आवळ. दांडीवरनं पाय कसा टाकायचा ते शिकीवतो."

अजितचं तोंड उघडंच राहिलं.

"लेडीज सायकल घरात ऱ्हायली नसती, बाळा. गड्याची झाली म्हणून ऱ्हायली. आन नऊवारीचा कासोटा घातला की बाईला दांडीची काय अडचण हाय? पडलो, फुटलो, पर शिकलो. रोज मळ्याच्या वाटंनं जायाचो. एकदा मामंजी म्होरनं आलं. मी सायकलवर. उतरायला बी जमंना, भाकरीची बुट्टी मागं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं आन तोंड फिरवून उसाकडं बघत ऱ्हायलं. घरात एक शबूद काढला न्हाई. पर दुसऱ्या दिवसापासनं मळ्याच्या तोंडाचं काट्याचं झाप सकाळी उघडं असायचं. मला उतराय लागू नये म्हणून. कोण उघडायचं ते मी कवा इचारलं न्हाई. त्यांनीबी सांगितलं न्हाई."

ओसरीबाहेर ढोल फिरत होता. मी भूगोलाची बाई. माणसानं नद्या अडवल्या, डोंगर फोडले, हे मी रंगवून सांगत आले. पण एका दांडीनं एक वाट बंद झाल्याचं दाखवावं आणि तिनंच ती उघडी ठेवावी, एका म्हाताऱ्यानं उसाकडं बघत उभं राहावं, आणि हे सगळं मनात ठेवून एक बाई नव्वदीपर्यंत चालत यावी, ह्याला कुठल्या नकाशात जागा होती? ह्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. एरवी हे टोपी काढायला विसरतात.

"आज्जी, तू कवा सांगितलं न्हाईस," अजित म्हणाला.

"त्यात काय सांगायचं? तुझा आज्जा बाजाराला न्यायचा, मी मळ्याला. जो बसंल त्याची सायकल."

ह्यांनी हळूच विचारलं, "आक्का, दांडी काढू का? काढता येती. पयल्यासारखी होईल, मिरजंची."

अजितनं आजीकडं पाहिलं. मीही. मला वाटलं, त्या हो म्हणतील. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं.

आक्कांनी मान हलवली. "न्हाई. मिरजंची सायकल मिरजंतच ऱ्हायली. दांडी त्यानं घातलीया, ती असू दे. भोकं बुजवू नका. दोरं ओवा."

परत आल्यावर मी स्वतः दोरे ओवले. जाड सुती दोरा मेणातून काढायचा, भोकातून घालायचा, खाली चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी आणून ताणायचा, पुन्हा वर. मागावर ताणा लावतात तसं. एका बाजूचा पंखा पूर्ण झाला तेव्हा चाक फिरवून पाहिलं. दोऱ्यांमागं आरे धावत होते, पावसाच्या सरींमागून झाडं दिसावीत तसे. काळ्या रंगाला ह्यांनी हात लावला नाही. जुना होता तेवढा जपला, सोनेरी रेघही थरथरीसकट ठेवली. वरची दांडी मात्र शेंदरीच राहू दिली. हिरवा आणि निळा गेला, दांडीवरचा पहिला शेंदरी उरला. सायकल विचित्र दिसत होती. धड गड्याची नाही, धड बाईची नाही. शेडमध्ये ती उभी असली की येणारा जाणारा थबकायचा. काहीतरी चुकलंय असं त्याला वाटायचं आणि काय ते सांगता यायचं नाही.

हंगाम सरता सरता सायकल पोचवायला गेलो. पिंपं थंड झाली होती. खळ्यावर शेवटची हळद वाळत होती. सायकल टेम्पोतून उतरवली तशी अजितची बायको, कामावरच्या बाया, शेजारीपाजारी सगळे गोळा झाले. पितळी पाटी कुठं दिसली नाही. मी विचारलं नाही.

आक्का काठी टेकत अंगणात आल्या. सायकलजवळ उभ्या राहिल्या. आधी दोऱ्यांवरून हात फिरवला; तारा छेडल्यासारखे ते वाजले. मग शेंदरी दांडीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती, ती ताठच होती.

"कुणीतरी चालवून दावा," त्या म्हणाल्या.

ह्यांनी पुढं होऊन हँडल धरलं.

"तुमी न्हवं, सुभेदार. तिला बसू दे."

काठी माझ्याकडं रोखलेली होती. मी लाजले, हसले, म्हणाले, "आक्का, मी वाईत शाळेला सायकलनं जायची, पण ती बिनदांडीची. आता किती वर्षं झाली. आणि साडीत..."

"साडीतच. पदर खोच. निऱ्या मागं घे, आवळ. आणखी आवळ. आता डावा पाय पायडलवर, आन उजवा मागनं न्हाई, म्होरनं. दांडीवरनं. भिऊ नगंस."

मी इतक्या लोकांदेखत तो पाय टाकला. ह्यांनी मागून कॅरिअर धरलं होतं. आक्का ओरडल्या, "सोडा वो तिला!"

ह्यांनी सोडलं. सैन्यातून आलेला माणूस, हुकूम कळतो.

पहिले दहा-बारा हात सायकलच मला घेऊन गेली. हँडल वळवळत होतं. मग काहीतरी जुळलं. अंगणातून खळ्याकडं जाणारी सिमेंटची वाट होती, दोन्ही अंगांना हळकुंडांचा पिवळा विस्तार, आणि मधून मी, उंचावर, जमिनीपासून सुटलेली. साखळीचा अगदी बारीक, समाधानी आवाज येत होता. दांडी गुडघ्याला लागत होती, पण अडवत नव्हती. उन्हं कलती होती आणि माझी सावली हळदीवरून धावत होती. तिला सायकलही होती आणि पदरही होता. खळ्यावरच्या बाया हातातली दाताळी टेकून बघत होत्या. त्यातल्या एकीनं टाळी वाजवली. मला रडू येतंय की हसू, ते मला कळेना. मी इतकंच म्हणत होते, बाई गं, बाई गं, बाई गं. कुणाला उद्देशून, कोण जाणे.

वळून परत आले. उतरताना धडपडले, ह्यांनी सावरलं. घाम पुसत मी आक्कांकडं पाहिलं. काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं होतं. अजितचे डोळे भरलेले होते. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"लय हळू," आक्का म्हणाल्या.

आणि त्यांनी मावळतीकडं बघितलं. दिवस बुडायच्या आत जेवायची त्यांची रीत. काठी टेकत त्या पायरीकडं निघाल्याही. "चला, चला. सूर्य चाललाय. पाहुण्यांना ताटं घ्या. सायकल काय, उद्याबी हाय."

आम्ही घाईघाईनं हात धुतले आणि आत ओळीनं बसलो. माझ्या ताटात आक्कांनी स्वतः भाकरी वाढली. मांडी घालून मी तिचा तुकडा मोडत होते, पण माझे पाय स्वस्थ बसले नव्हते. आतल्या आत ते अजून फिरतच होते.